मेरीच्या कपाळावरचं कुंकू

बाई, तुमचं चित्र माझ्याकडे आहे. चाळीस वर्षं होत आली, माझ्याचकडे आहे. हे पहिल्याच वाक्यात लिहून टाकलं, कारण नंतर लिहू म्हटलं तर मी लिहिणार नाही, एवढं मी स्वतःला ओळखते. उद्या शनिवार. उद्या संध्याकाळी तुमची भाची आमच्याकडे चहाला येणार आहे, आणि ते चित्र माझ्या झोपायच्या खोलीत कपाटाशेजारच्या भिंतीवर टांगलेलं आहे. ते उतरवून ड्रॉवरमध्ये ठेवायचं की तिच्या हातात द्यायचं, हे दुपारपासून ठरत नाहीये. शुक्रवारी इथे ऑफिस अर्धा दिवसच असतं, त्यामुळे ठरवायला वेळ भरपूर आहे, आणि वेळ भरपूर असला की मी काहीच ठरवत नाही. म्हणून लिहायला बसले. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, तेव्हा उत्तराची भीती नाही. तुम्ही हयात असताना हेच पत्र लिहायला मी किती वेळा कागद घेतला आणि वाण्याची यादी लिहून उठले, ते सांगत बसत नाही.

तुमची भाची भेटली ती अगदी योगायोगाने. मी दुबईत सिलिकॉन ओएसिसच्या एका कंपनीत खोक्यांवरची चित्रं काढते. खजुराचे डबे, मिठाईचे डबे, रमजानच्या आधी तर नुसते डबेच डबे. कंपनीचा वर्षाचा कार्यक्रम यंदा अबुधाबीच्या एका हॉटेलात होता आणि मला तासभर आधी मांडणी बघायला पाठवलं होतं. तिथे काळ्या कोटातली एक बाई वेटर लोकांना 'यल्ला यल्ला, टेबल सिक्सचे नॅपकिन कुठे आहेत?' म्हणून पळवत होती, आणि मधूनच फोनवर कुणाशी तरी मराठीत बोलत होती. ते मराठी ऐकून मी जागीच थांबले. वाक्य संपताना असं वर उचललेलं, तुमच्यासारखं. मी विचारलं, 'तुम्ही वसईच्या का हो?' मग शाळा कुठली, आळी कुठली, चर्च कुठलं, असं करत दोन मिनिटांत तुमच्यापर्यंत पोहोचलो. 'अहो ताई, ती माझी सख्खी आत्या!' असं म्हणून तिने माझा हातच धरला. कार्यक्रम संपल्यावर तिने मला मागच्या बाजूला बसवून कॉफी दिली. म्हणाली, 'आत्याचं माझ्याकडे काहीच नाही हो. घराची वाटणी झाली, मग रिनोव्हेशन झालं, जे होतं ते कुणी कुणी नेलं. मला फक्त एक चित्र पाहिजे होतं. ब्लॅक अँड व्हाइट, एवढंसं. नाताळात येशूच्या जन्माचा गोठा केला की आत्या ते बाजूला उभं करायची. मग एका वर्षी ते नव्हतंच. तुम्ही तिच्या लाडक्या ना, तुम्हाला आठवतं का काही?'

आणि मी म्हटलं, 'नाही गं. मला काही माहीत नाही.'

त्रेपन्नाव्या वर्षी, बाई. हातात हॉटेलचा कप, समोर तुमच्यासारखा चेहरा, आणि जीभ जराही अडखळली नाही. वर मीच तिला म्हटलं, ये एकदा घरी. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं काहीतरी झालं असणार. जास्त गोड बोलले. ती म्हणाली, 'येते ना! पुढच्या शनिवारी माझी मॉर्निंग ड्यूटी आहे, तीनला ऑफ, मग बस पकडून येते. पक्कं, इन्शाल्ला.'

ते चित्र तुम्ही मला पहिल्यांदा दाखवलंत तो दिवस मला अजून समोर दिसतो. आठवीचा वर्ग सुटलेला आहे, तुम्ही चित्रकलेच्या खोलीच्या खिडकीशी उभ्या आहात आणि मला हाक मारता. पाकिटातून दोन पुठ्ठ्यांमधलं ते काढता. पोस्टकार्डापेक्षा जरा मोठं, कागद पिवळसर, खाली पेन्सिलीने कुणाची तरी न वाचता येणारी सही. इंग्लंडमधल्या कुणीतरी महायुद्ध चालू असताना लाकडावर कोरून छापलेलं. आपल्या शाळेतल्या एका म्हाताऱ्या इंग्रज सिस्टरना त्यांच्या घरून नाताळची भेट म्हणून आलं होतं, आणि त्या मायदेशी परत गेल्या तेव्हा तुम्हाला देऊन गेल्या, असं तुम्ही सांगितलंत. एक गोठा. छपराचे दोन वासे मोडलेले. गोणपाटावर बसलेली मेरी, मांडीवर बाळ, मागे एक गाय. म्हातारासा योसेफ दारात उभा, त्याच्या पायाशी आग विझवायची वाळूची बादली, आणि तो बाळाकडे बघत नाहीये, वर आभाळाकडे बघतोय. आणि त्याच्या पलीकडे अख्खं गाव, घराला घर लागून, सगळ्या खिडक्या काळ्याकुट्ट. मी विचारलं, 'बाई, एवढ्या घरांत एकसुद्धा दिवा नाही?' तुम्ही म्हणालात, 'युद्ध होतं ना. दिवा दिसला की वरून बॉम्ब पडायचा. नाताळच्या दिवशीसुद्धा दिवा लावायला बंदी.' मग तुम्ही मला ते कसं करतात ते सांगितलंत. ठोकळ्याला शाई लावली आणि काही कोरलंच नाही तर सगळं काळं छापून येणार. जेवढं कोरून काढशील तेवढंच पांढरं. 'त्याच्या हातात काळं करणं नाहीच,' तुम्ही म्हणालात. 'तो फक्त उजेड काढू शकतो. बघ, सगळ्यात जास्त लाकूड त्याने कुठे काढलंय?' मी बघत राहिले. मेरीच्या कपाळावर. तिथे एकही रेघ नव्हती, नुसता कागद.

मी आजही डब्यावर चित्र काढताना आधी विचार करते की पांढरं कुठे सोडायचं. आमच्या ऑफिसातली पोरं हसतात, कारण त्यांना प्रत्येक कोपऱ्यात सोनेरी वेलबुट्टी भरायची असते.

सहामाही परीक्षा झाली आणि दिवाळीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी तुम्ही ते चित्र मला घरी दिलंत. उसनं. शब्दसुद्धा आठवतात. 'सुट्टीभर नुसतं बघ. काढू नकोस. रोज दहा मिनिटं बघ. आणि नाताळच्या आत परत आण हं, मला गोठ्यापाशी लागतं.' माझ्यासारख्या एसटीतल्या कंडक्टरच्या मुलीला तुम्ही एवढी जपलेली वस्तू दिलीत म्हणून मी घरी पोहोचेपर्यंत दप्तर पोटाशी धरून चालले. घरी आईने विचारलं तर मी सगळं तिला ऐकवलं, युद्ध, बॉम्ब, दिवे लावायला बंदी. आई शिकली होती तिसरीपर्यंत. ती चकलीचं पीठ मळता मळता ऐकत होती आणि मधे एकदाच म्हणाली, 'म्हणजे बाळंतिणीला अंधारात ठेवली मेल्यांनी?'

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी शेजारणीकडे रांगोळी काढून परत आले तर देवाच्या फळीवर, गणपतीच्या शेजारी, तुमचं चित्र उभं होतं. पुढे पणती लावलेली. आणि मेरीच्या कपाळावर, बरोबर त्या पांढऱ्या जागेवर, ओलं कुंकू. आईच्या अनामिकेच्या टोकाएवढं, ठसठशीत. मी जी किंचाळले, बाई, की आईच्या हातातलं निरांजन हललं. ती आधी समजूतच काढत होती. 'अगं, त्यांच्या गावात दिवा नाही म्हणालीस ना, म्हणून पणती ठेवली. आणि बाळंतीण बाई, नवरा चांगला धडधाकट दारात उभा आहे, आणि कपाळ असं पांढरं? सणाच्या दिवशी? बरं दिसतं का ते?' मी म्हटलं, तुला काही कळत नाही. मी म्हटलं, तू अडाणी आहेस. हे दोन्ही मी म्हटलं. मग ओला रुमाल घेऊन पुसायला गेले, आणि कुंकू निघायच्या ऐवजी पसरलं. पदरावरून गायीच्या शिंगापर्यंत गुलाबी फराटा गेला, कागदाचा पापुद्रा उठायला लागला, तेव्हा थांबले. डावीकडची कड तेवढी जशीच्या तशी राहिली. तिथे आईच्या बोटाच्या बारीक रेषासुद्धा उमटल्या आहेत. त्या वर्षी दिवाळीत ती जेवताना माझ्याकडे बघायची आणि मी ताटाकडे.

शाळा उघडली त्या दिवशी तुम्ही मला विचारलंदेखील नाहीत. मीच मधल्या सुट्टीत आले. रस्ताभर पाठ करून आले होते. 'बाई, दिवाळीच्या साफसफाईत आईने ते चित्र रद्दीवाल्याला देऊन टाकलं. तिला माहीत नव्हतं. मी घरी नव्हते.' तुमच्या हातात खडू होता, तो तुम्ही फळ्याच्या कडेला ठेवलात. माझ्याकडे बघितलंत. फार वेळ बघितलंत, निदान मला तसं वाटलं. मला वाटलं होतं, आता ओरडणार, घरी चिठ्ठी देणार, पुन्हा कधी काही देणार नाही म्हणणार. तुम्ही एवढंच म्हणालात, 'आईला रागावू नकोस.' आणि थोड्या वेळाने, 'जा, डबा खा.'

माझी सुटका झाली, असं मला वाटलं. डबा मी खरोखरच खाल्ला. संध्याकाळी घरी गेले तर आईने विचारलं, 'दिलंस का बाईंचं चित्र?' मी म्हटलं, दिलं. 'काय म्हणाल्या?' 'काही नाही.' 'काहीच नाही?' मी म्हटलं, नाही म्हटलं ना. आई चुलीकडे वळली. चित्र तेव्हा माझ्या भूगोलाच्या नकाशावहीत होतं.

ते पुढे माझ्याबरोबर सगळीकडे गेलं. कॉलेज, मुंबईतली पहिली नोकरी, प्रत्येक जागा बदलताना कपड्यांच्या तळाशी. आधी ते लाजेपोटी लपवलेलं होतं. मी चोविसाची असताना आई गेली, आणि मग प्रकार बदलला. आईचे फोटो होते घरात, पण लग्नातले, अवघडून बसलेले. तिच्या हाताचं असं काही नव्हतं. साड्या मावशांनी नेल्या, भांडी वाटली गेली, आणि एका दुपारी मी नकाशावही उघडली तर तिच्या बोटाच्या रेषा तिथे होत्या. त्या दिवशी मी आई गेल्यानंतर पहिल्यांदा पोटभर रडले.

दुबईला निघायच्या आधी मी तुम्हाला भेटायला आले होते, आठवतं? तुम्ही रिटायर झाला होतात, अंगणात खुर्ची टाकून बसला होतात, पायाला सूज होती. माझ्या पर्समध्ये ते चित्र होतं, बाई. अगदी ठरवून आणलं होतं. परत देणार आणि मोकळी होणार. तुम्ही मला केक आणि तुमच्या वहिनींनी तळलेले नाताळचे गोड फुगे खायला दिलेत, मी हातातल्या हातात पर्सची चेन ओढत होते, आणि तेवढ्यात तुम्ही म्हणालात, 'आई गेल्याचं कळलं मला. फार भली बाई होती तुझी आई.' माझा हात तिथेच थांबला. देऊन टाकलं असतं तर कुंकू तुमच्याकडे गेलं असतं. तुम्ही अजून थोडा वेळ बस ना म्हणत होतात, एकदा तर 'आणखी काही सांगायचंय का?' असंही विचारलंत. मी म्हटलं, बस चुकेल. तुम्ही मला फाटकापर्यंत सोडायला आलात, त्या सुजलेल्या पायांनी.

इकडे आल्यावर बरीच वर्षं ते कपाटातच होतं. स्वतःचं घर भाड्याने घेतलं तेव्हा शारजाला, रोल्लाच्या एका गल्लीत फ्रेमवाल्याकडे नेलं. म्हातारे गृहस्थ होते, कानावर पेन्सिल, दुकानभर कुराणातल्या आयतांच्या आणि वाळवंटाच्या तसबिरी. त्यांनी चित्र उजेडात धरलं, भिंगातून बघितलं आणि म्हणाले, 'मॅडम, बहुत बारीक काम है, ऐसा हाथ अब कहाँ. लेकिन ये दाग? मेरा एक आदमी है, निकाल देगा इन्शाल्ला, पता भी नहीं चलेगा.' मी घाईघाईने म्हटलं, 'नहीं नहीं, रहने दीजिए.' ते म्हणाले, 'दाग रखना है?' आणि मी म्हटलं, 'दाग नहीं है, चाचा. माँ की उंगली है.' त्यांनी मान डोलावली, आणि फ्रेम करताना कागदाची एकही कड कापली नाही. घरी विचारणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगत आले, आमच्या शाळेतल्या बाईंनी दिलेलं आहे. त्यात खोटं काही नाही. फक्त उसनं हा एक शब्द गाळलेला आहे.

मघाशी लेकीला म्हटलं, उद्या त्या येणार आहेत आणि असं असं आहे. सगळं नाही सांगितलं, थोडं सांगितलं. ती लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणाली, 'मम्मा, जस्ट टेल हर इट वॉज अ गिफ्ट. हू विल नो?' खरं आहे. कुणाला कळणार? नवरा म्हणाला, भिंतीवरून काढून ठेव, कशाला विषय वाढवतेस. दोघांचे दोन उपाय, आणि दोन्ही मला आधीच सुचलेले होते, म्हणून मी दोघांवर चिडले. आता पोहे निवडायला घेते. उद्या तिला कांदेपोहे करणार आहे, सोबत नारळाच्या वड्या.

आज रविवार आहे, बाई. काल तुमची भाची येऊन गेली.

शनिवारी दुपारी मी चित्र काढून ड्रॉवरमध्ये ठेवलं. हेही लिहून ठेवते. खिळा तेवढा भिंतीत राहिला. ती साडेपाचला आली, बसच्या गर्दीने वैतागलेली, हातात तिच्या हॉटेलच्या बेकरीतला प्लम केक. पोहे खाल्ले, तुमच्या आठवणी निघाल्या. तुम्ही तिला अक्षर सुधारायला लावायचात, चर्चमधून येताना केळीवाल्याशी भाव करायचात, ते सगळं. ती हसता हसता म्हणाली, 'ताई, मी किती दिवसांनी आत्याबद्दल मराठीत बोलतेय! माझी मुलं तर म्हणतात, हू इज धिस आत्या यू कीप टॉकिंग अबाउट?' आणि तिने रुमालाने डोळे पुसले. तुम्ही पुसायचात तसेच, चष्मा कपाळावर सरकवून. मग मला तिथे बसवेना. मी उठले, ड्रॉवर उघडला, चित्र आणून तिच्या पुढ्यात टीपॉयवर ठेवलं. म्हटलं, 'हे तुमच्या घरचं आहे. बाईंनी मला सुट्टीपुरतं दिलं होतं. मी परत दिलं नाही. त्या दिवशी हॉटेलात मी तुझ्याशी खोटं बोलले.' लेक खोलीच्या दारात उभी होती, तिनेही ऐकलं.

तिने चित्र उचललं नाही. वाकून नुसतं बघत राहिली. मग त्या गुलाबी फराट्याशी काचेवरून बोट नेलं आणि म्हणाली, 'कुंकू. म्हणजे ती मुलगी तुम्ही.'

मी म्हटलं, कुठली मुलगी?

'आत्या दर नाताळात सांगायची ना. गोठा झाला की मी विचारायचे, चित्र कुठे? ती म्हणायची, हरवलेलं नाही, एका मुलीकडे आहे. ती आणून देईल. मी मोठी झाले तरी तेच. मी म्हणायचे, आत्या, त्या मुलीला जाऊन विचार ना. तर म्हणायची, नाही, तिने स्वतः आणलं पाहिजे.' मग ती माझ्याकडे वळून बसली. 'आणि ताई, तुमची आई आलेली मला आठवते. मी सात वर्षांची असेन. दिवाळीच्या सुट्टीतच. फराळाचा डबा घेऊन आली होती, मला चकली दिली तिने. आत्याने खुर्ची दिली तरी बसेना, दारातच उभी. म्हणत होती, बाई, माझ्या हातून तुमची मेरी खराब झाली, मी कुंकू लावलं, मुलीचा काही दोष नाही, तिला बोलू नका. रडत होती हो. मला चकली खाताना लाज वाटायला लागली, म्हणून लक्षात आहे.'

मी विचारलं, 'मग बाई काय म्हणाल्या?'

'आत्या म्हणाली, तुम्ही देवात ठेवलंत, त्यात खराब काय झालं? आणि म्हणाली, मुलीला सांगू नका तुम्ही आला होता ते. ती येऊन मला सांगेल. सांगू दे तिला स्वतः.'

बाई, तुम्हाला सगळं आधीच माहीत होतं. शाळा उघडायच्या आधीपासून. मी पाठ केलेलं वाक्य म्हणत होते तेव्हा तुमच्या घरी आमच्या डब्यातल्या चकल्या असतील. आई चार मैल चालून, तुमच्या दारात उभी राहून माझ्यासाठी दोष स्वतःवर घेऊन गेली होती, आणि चार दिवसांनी मी तुमच्यापुढे उभी राहून तिच्यावर दुसराच दोष घातला. आणि तुम्ही ते ऐकून घेतलंत. 'आईला रागावू नकोस' म्हणालात. मी चाळीस वर्षं ते तुमच्या मोठेपणाचं वाक्य म्हणून सांभाळलं, बायकांत बसले की कौतुकाने सांगितलंसुद्धा आहे. ती मला मिळालेली सगळ्यात मोठी शिक्षा होती, आणि मला ती कळलीच नव्हती. तुमच्यावर रागही आला, खोटं कशाला बोलू. एक चापट मारली असतीत तर त्याच दिवशी सगळं बाहेर आलं असतं. तेरा वर्षांच्या पोरीने आपण होऊन यावं म्हणून दोन मोठ्या बायका गप्प बसून राहिल्या, आणि पोरगी आलीच नाही.

तुमची भाची चित्र न्यायला तयार नव्हती. म्हणाली, 'ताई, तुमच्या आईचं बोट आहे यावर. राहू दे तुमच्याकडे, खलास.' मी म्हटलं, नाही, न्यायचं. बाईंनी नाताळच्या आत परत आण म्हणून सांगितलं होतं, आणि अजून नाताळला तीन आठवडे आहेत. ती हसली आणि रडलीही. लेकीने आपणहून तिची जुनी शाल आणली, त्यात आम्ही चित्र गुंडाळलं, आणि मी तिला बसपर्यंत सोडायला गेले. तिने खिडकीतून हात केला. दुसऱ्या हाताने ते मांडीवर धरलं होतं. नाताळला बोलावलंय आम्हा सगळ्यांना, अबुधाबीला. जाऊ. घरी आल्यावर लेकीने विचारलं, 'मम्मा, आर यू ओके?' आणि मी हो म्हटलं, आणि ते बरंच खरं होतं. सकाळी उठल्यावर भिंतीकडे लक्ष गेलं तेव्हा मात्र चहा गार होईपर्यंत बसून राहिले. आईचा हात दुसऱ्यांदा घरातून गेला.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, तेव्हा एक गोष्ट लिहून टाकते. भाचीला मी सगळं सांगितलं, रद्दीवाल्याचं सोडून. तिला वाटतंय, मी नुसतीच घाबरून गप्प बसले होते. ती तर म्हणाली, 'लहान होता हो तुम्ही, सांगायचं राहून गेलं असेल.' मी म्हटलं, हो, राहून गेलं. आईने चित्र रद्दीत विकलं असं मी माझ्या तोंडाने सांगितलं होतं, हे मला या वयातही दुसऱ्या कुणापुढे उच्चारता आलं नाही. तुमच्यापुढे लिहिता येतं, कारण तुम्ही ते त्याच दिवशी ऐकलेलं आहे.

आणि खरं सांगू, हा सगळा कागद मी एका प्रश्नासाठी भरला. त्या जानेवारीत बक्षीस समारंभाला आई शाळेत आली होती. मला चित्रकलेचं दुसरं बक्षीस होतं. मी मंचावरून बघितलं, तुम्ही दोघी मागे, पाण्याच्या नळाशी उभ्या राहून बोलत होता. बराच वेळ. आईने मान खाली घातली होती आणि तुमचा हात तिच्या खांद्यावर होता. घरी जाताना तिने माझं बक्षीस स्वतःच्या पिशवीत घेतलं, आणि वाटभर एक शब्द बोलली नाही.

तुम्ही आईला ते रद्दीवाल्याचं सांगितलं नाहीत ना, बाई?